परग्रहावरचा तोच शत्रू, पुन्हा पुन्हा

डालेक श्रेष्ठ की बोर्ग? विज्ञानकथांच्या मालिका जीव लावून पाहणाऱ्यांमधला हा वाद जुना आहे आणि त्याचा निकाल लागण्याची चिन्हं नाहीत. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतले डालेक म्हणजे धातूच्या कवचात बसलेले, पाय नसलेले, जमिनीवरून सरकणारे जीव. आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला जगू द्यायचं नाही, एवढं एकच त्यांना ठाऊक. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेतले बोर्ग अर्धे मांसाचे, अर्धे यंत्राचे. ते माणसाला मारत नाहीत, आपल्यात मिसळून टाकतात. एका पक्षाला डालेकांचा निखळ द्वेष भयंकर वाटतो, दुसऱ्याला बोर्गांची थंड शांतता. तिसरा पक्ष 'स्टार ट्रेक'मधल्याच क्लिंगॉन या लढवय्या जमातीची बाजू घेऊन मध्ये पडतो.

वरवर हा ताकदीचा वाद वाटतो. कुणाकडे मोठं जहाज, कुणाचं शस्त्र भारी. पण तो तासभर ऐकला तर गाडी दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबते. तोच शत्रू किती वेळा परत आणावा? कोणत्या फेरीनंतर त्याची भीती वाटेनाशी होते? आणि एकेकाळी ज्याच्या नुसत्या नावाने पोटात गोळा यायचा, तो नंतर विनोदी का वाटू लागतो? हे प्रश्न आवडीनिवडीपुरते नाहीत. मालिका कशा तयार होतात, भीती कशी टिकते आणि शत्रू म्हणजे नेमकं कोण, हे सगळं त्यांत येतं.

ही मंडळी नाशिकच्या सातपूरसारख्या कामगारवस्तीत पोचली कशी? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनचीच सत्ता होती. जे दिल्लीत दिसे तेच त्र्यंबक रोडलगतच्या सातपूर कॉलनीतही दिसे. 'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात चालली आणि ७९ भागांनंतर बंद पडली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी आली. संवाद इंग्रजी, पण कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक आणि समोरच्या पडद्यावर अचानक उगवणारं शत्रूचं जहाज कळायला इंग्रजीची गरज नव्हती. ऐंशीचं दशक संपता संपता दूरदर्शनने 'स्पेस सिटी सिग्मा' ही हिंदी मालिका दाखवली. तिचा झखाकू हा आपला घरचा, वारंवार परतणारा परग्रही खलनायक. पुढे केबल आली आणि उरलेली सेना घरात शिरली.

खर्चातून जन्मलेले शत्रू

परग्रहावरचा शत्रू परत का येतो, याचं पहिलं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. सातपूर एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला ते चटकन कळेल. पत्र्याचा भाग काढायचा तर आधी डाय बनवावी लागते, आणि खरा खर्च तिथेच होतो. डाय तयार झाली की जितके नग जास्त, तितका नगामागचा खर्च कमी. पण नग वाढत गेले की डायची धार मरते, भागाच्या कडेला बर येऊ लागते आणि डाय उतरवून ग्राइंडिंगला पाठवावी लागते. मालिकेतल्या शत्रूचंही असंच आहे. त्याचा पोशाख, मुखवटा, जहाजाचं मॉडेल, आवाजाची तऱ्हा हे सगळं एकदा महागात पडतं. मग दिग्दर्शकापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांनाच तो परत हवा असतो.

'स्टार ट्रेक'चे रोम्युलन पहिल्यांदा दिसले डिसेंबर १९६६ मध्ये. त्यांचे कान स्पॉकसारखे टोकदार. असे कान प्रत्येक नटाला बनवून चिकटवायचे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जाणार. म्हणून त्या भागात काही रोम्युलनांच्या डोक्यावर शिरस्त्राणं चढवली. कान झाकले, खर्च वाचला. तीन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, क्लिंगॉन आले. त्यांना काळपट रंग, दाट भुवया आणि खाली वळलेल्या मिश्या एवढं पुरे. साहजिकच मूळ मालिकेत रोम्युलनांपेक्षा क्लिंगॉनांच्या फेऱ्या जास्त झाल्या. आज ज्यांच्या इतिहासावर चाहते तासन्‌तास भांडतात, त्या जमातीच्या भरभराटीमागे रंगभूषेचं बिलही होतं.

बोर्गांचीही तीच कहाणी. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'च्या लेखकांच्या मनात आधी कीटकांसारखी जमात होती. दूरचित्रवाणीच्या पैशांत ती उभी राहीना, म्हणून माणसाच्या अंगावर नळ्या आणि यंत्रं चढवायचं ठरलं. शरीर कीटकाचं राहिलं नाही, पण पोळ्याचं सामाईक मन तेवढं राहिलं. काटकसरीतून मूळ कल्पनेपेक्षा जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हाती आली. मुंगळा पाहून माणसाला आपण तसे होऊ असं वाटत नाही. बोर्ग पाहून वाटतं.

मेलेले डालेक परत कसे आले

'डॉक्टर हू' बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. बीबीसीचे नाट्यविभाग प्रमुख सिडनी न्यूमन यांनी बजावून ठेवलं होतं की बटबटीत डोळ्यांचे राक्षस या मालिकेत नकोत. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट यांनी दुसऱ्याच कथेत डालेक आणले. न्यूमन भडकले. पण प्रेक्षकसंख्या अशी उसळली की साहेबांना शब्द गिळावे लागले.

त्या कथेचे लेखक टेरी नेशन यांचं बालपण दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या सावटात गेलं होतं. शुद्ध वंशाचा हट्ट आणि बाकीच्यांना संपवण्याची घाई हे डालेकांचे गुण थेट नाझींकडून आले. रेमंड क्युसिक यांनी त्यांना रूप देताना पायच काढून टाकले. पाय नसले की आत माणूस बसलाय हे डोळ्यांना पटत नाही. भीती त्या रूपात होती आणि 'सगळ्यांना संपवा' म्हणणाऱ्या त्या खरखरीत, यांत्रिक आवाजात.

गंमत अशी की डालेकांच्या या पहिल्या कथेच्या शेवटी ते सगळे मरतात. शहराच्या धातूच्या जमिनीतून मिळणाऱ्या विजेवर ते चालत. वीज तोडली, खेळ खलास. पण ब्रिटनमधल्या मुलांना डालेकांचं वेड लागलं होतं. म्हणून १९६४ च्या नोव्हेंबरात ते परत आले आणि स्पष्टीकरण जोडलं गेलं की मागची घटना लाखो वर्षांनंतरच्या भविष्यातली होती. 'पण ते तर मेले होते ना?' या प्रश्नाचं मालिकेने दिलेलं हे पहिलं उत्तर. तेव्हापासून असे प्रश्न काढणं हा चाहत्यांचा आणि ठिगळं लावणं हा लेखकांचा धंदा झाला.

ठिगळ असूनही ती दुसरी फेरी यशस्वी का ठरली? डालेक आता दूरच्या ग्रहावर नव्हते. ते टेम्स नदीतून वर आले, वेस्टमिन्स्टर पुलावरून सरकले. युद्ध संपून वीस वर्षंही झाली नव्हती. ज्यांनी लंडनवर बॉम्ब पडताना पाहिले, त्यांच्याच घरात त्यांची मुलं व्यापलेलं लंडन पाहत होती. शत्रू जुना होता, पण नायकापुढचा पेच नवा होता.

सगळ्या वादातला हाच निकष मला पटतो. शत्रू परत आणण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा नायकाला मागच्या वेळचं उत्तर पुरत नाही.

डालेकांच्या पुढच्या फेऱ्या याच निकषावर तपासून पाहा. १९७५ च्या कथेत मालिकेचा नायक डॉक्टर त्यांच्या जन्मवेळी जाऊन पोचतो. दोन तारा एकमेकींना टेकवल्या की ही जमात जन्मायच्या आधीच संपेल. तारा हातात आहेत आणि तो थबकतो. एक अख्खी जमात मुळातून पुसून टाकायचा अधिकार मला आहे का? आणि डालेकांच्या भीतीने पुढे जे शत्रू एकमेकांचे मित्र होणार आहेत, त्यांचं काय? इथे लढाईचा प्रश्न न्यायाचा झाला. २००५ च्या कथेत तर एकच डालेक आहे, तोही साखळदंडांत, एका श्रीमंत माणसाच्या तळघरातल्या संग्रहात. त्याला पाहून शांत स्वभावाचा डॉक्टर द्वेषाने असा पेटतो की तो डालेकच त्याला म्हणतो, तू चांगला डालेक झाला असतास. शत्रू एक, बेड्यांत, तरीही बेचाळीस वर्षांतली सर्वांत बोचरी फेरी. संख्या वाढवून धाक वाढत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

उलट जिथे फक्त फौज मोठी झाली, तिथे चाहत्यांनी नाक मुरडलं. डालेकांना जिना चढता येत नाही, ही ब्रिटनमधली जुनी थट्टा. १९८८ मध्ये एका डालेकाला जिन्यावरून तरंगत वर येताना दाखवून मालिकेने ती मोडून काढली. थट्टा हेच धार गेल्याचं लक्षण असतं, हे निर्मात्यांनाही कळत होतं.

शत्रूचा शेजारी होतो तेव्हा

क्लिंगॉनांनी दुसरी वाट धरली. १९६७ मध्ये ते शीतयुद्धातल्या रशियाचं प्रतिरूप म्हणून आले. त्यांच्या पहिल्याच कथेत युद्ध पेटू पाहतं, तेव्हा ऑर्गेनियन नावाचे अतिप्रगत जीव दोन्ही बाजूंची शस्त्रं निकामी करतात आणि सांगतात की पुढे कधीतरी तुम्ही मित्र व्हाल. कर्क आणि क्लिंगॉन सेनापती दोघेही चिडतात, कारण दोघांनाही लढायचं असतं. शत्रूच्या जन्मातच समेटाची शक्यता पेरून ठेवलेली होती.

१९८७ मध्ये सुरू झालेल्या 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये वॉर्फ हा क्लिंगॉन थेट नायकांच्या एंटरप्राइझ जहाजावर अधिकारी म्हणून दिसला. त्याआधी १९८४ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी भाषातज्ज्ञ मार्क ओक्रँड यांनी क्लिंगॉनांना व्याकरणासकट भाषा दिली. पुढच्याच वर्षी तिचा शब्दकोश निघाला. ज्याची भाषा शिकता येते, ज्याच्या लग्नाचे आणि मरणाचे विधी ठाऊक होतात, त्याला नुसता राक्षस म्हणता येत नाही. डिसेंबर १९९१ मध्ये आलेल्या सहाव्या चित्रपटात क्लिंगॉनांच्या चंद्रावर मोठा स्फोट होतो, साम्राज्य मोडकळीला येतं आणि तहाची बोलणी सुरू होतात. चेर्नोबिलची आठवण कुणालाही यावी. योगायोग असा की त्याच महिन्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. तहाची जबाबदारी पडते कर्कवर, ज्याच्या मुलाला क्लिंगॉनांनी मारलेलं असतं. लढाईत शूर असलेल्या माणसाला इथे आपल्याच मनातल्या द्वेषाशी झुंजावं लागतं.

पण इथेही दोन तट आहेत. एका तटाला क्लिंगॉन माणसाळले याचं दुःख आहे. त्यांच्या मते सन्मान, शौर्य आणि रक्ताच्या शपथा यांच्या गर्दीत जुना धूर्त शत्रू हरवला. दुसरा तट म्हणतो की या जमातीला पूर्ण संस्कृती मिळाली, ती या मालिकेची सर्वांत मोठी कमाई. त्याहून जास्त आवाज चढतो तो कपाळावरून. मूळ मालिकेत क्लिंगॉनांचं कपाळ सपाट होतं. १९७९ च्या चित्रपटापासून त्यावर हाडांच्या कंगोऱ्यांची नक्षी आली, कारण आता हातात चित्रपटाचे पैसे होते. मग कथेच्या जगात हा बदल झाला कसा? १९९६ च्या एका भागात जुन्या काळात पोचलेल्या वॉर्फला सहकारी हेच विचारतात. तो कोरडेपणाने सांगतो की हा विषय आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. झकास उत्तर. तिथे थांबायला हवं होतं. २००५ मध्ये मात्र दोन भाग खर्च करून जनुकीय प्रयोग आणि विषाणू यांची कथा रचली गेली. सुसंगतीवर प्रेम करणारे सुखावले, बाकीच्यांना वाटलं की चांगल्या विनोदाचं शवविच्छेदन झालं.

ओळख वाढली, धाक उतरला

मे १९८९ मध्ये बोर्ग आले तेव्हा 'नेक्स्ट जनरेशन'ला शत्रूची निकड होती. त्याआधी फेरेंगी या जमातीला मुख्य शत्रू म्हणून उतरवलं होतं. १९८७ च्या पहिल्या मोठ्या भेटीत ते उड्या मारत, चाबूक फिरवत आले आणि प्रेक्षकांना हसू फुटलं. नफ्यासाठी काहीही करणारे हे व्यापारी पुढे 'डीप स्पेस नाइन' या 'स्टार ट्रेक'च्याच मालिकेत सुरेख विनोदी आणि कधी हळवी पात्रं झाले, पण शत्रू म्हणून त्यांचा पहिल्याच दिवशी निकाल लागला होता.

बोर्गांशी बोलणीच होत नव्हती. ना राग, ना लोभ, ना सेनापती. जून १९९० मध्ये त्यांनी एंटरप्राइझच्या कॅप्टन पिकार्डलाच आपल्यात ओढलं आणि हंगाम तिथेच तोडला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पुढच्या भागासाठी सप्टेंबरपर्यंत वाट पाहिली. १९९२ मध्ये एक जखमी तरुण बोर्ग जहाजावर येतो. त्याच्यामार्फत सगळ्या बोर्गांना संपवण्याची युक्ती पिकार्डच्या हाती असते, पण त्या पोराला नाव मिळतं, मैत्री कळू लागते आणि पिकार्ड मागे फिरतो. डॉक्टरच्या हातातल्या त्या दोन तारांशी या प्रसंगाचं जवळचं नातं आहे. तिथपर्यंत बोर्ग निकषावर खरे उतरतात.

नंतर घसरण सुरू झाली, असं अनेक चाहते म्हणतात. १९९६ च्या चित्रपटात बोर्गांना राणी मिळाली. नटी ॲलिस क्रिग यांनी ती भूमिका जबरदस्त केली, यात वाद नाही. पण ज्यांना चेहराच नव्हता म्हणून ते भयंकर होते, त्यांना चेहरा आला, हट्ट आला, मत्सर आला. 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' मालिकेत तर एकटं पडलेलं छोटं जहाज बोर्गांना वारंवार चकवू लागलं. त्यांच्याहून बलाढ्य जमात आणून त्यांना मार खायला लावला गेला. ही लेखकांची जुनी युक्ती: नवा पहिलवान मोठा ठरवायला जुन्याला चितपट करायचं. नवा मोठा होतो, जुना कायमचा लहान होतो. याच मालिकेने मात्र सेव्हन ऑफ नाइन ही बोर्गांतून सुटलेली स्त्री दिली, आणि तिला पुन्हा माणूस होताना पाहणं हाच अनेकांच्या मते 'व्हॉयेजर'चा गाभा. शत्रू म्हणून बोर्ग संपत होते तेव्हा विषय म्हणून ते खुलत होते.

अज्ञाताची भीती समजुतीने कमी होते, हे 'डॉक्टर हू'च्या रडणाऱ्या देवदूतांनीही दाखवलं. २००७ मध्ये आलेले हे दगडी पुतळे तुम्ही पाहत असताना हलत नाहीत. पापणी मिटली की झडप घालतात. कॅमेऱ्यानेही त्यांना हलताना दाखवलं नाही. २०१० च्या कथेत ते हलताना दाखवले आणि चाहते हळहळले. नियम मोडला की भुताचा पुतळा होतो.

संकासुर आणि बळी

पुनरागमनाने शत्रूचं काय होतं, याचा अनुभव मराठी माणसाला दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीपासून आहे. सिंधुदुर्गातल्या दशावतारात वेद पळवणारा संकासुर दर जत्रेला येतो आणि दर वेळी विष्णूच्या हातून मरतो. काळ्या वेषातला हा असुर मालवणीत अशा काही कोपरखळ्या मारतो की प्रेक्षक त्याचीच वाट पाहतात. तो हरणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातलं सुख भीतीचं नाही, विधीचं आणि विनोदाचं आहे. फेरेंगींचं जे झालं ते कोकणात फार आधी घडून गेलं होतं.

'शक्तिमान'मधला तमराज किलविश याच जातीचा. १९९७ पासून २००५ पर्यंत सुरेंद्र पाल यांचा तो काळा अवतार अंधाराची घोषणा देत राहिला आणि पोरं शाळेच्या मैदानावर त्याची नक्कल करत राहिली. शक्तिमानचं उत्तर कधीच बदललं नाही. प्रकाश अंधाराला हरवतो, बस्स. विज्ञानकथा म्हणून ही उणीव, पण विधी म्हणून पाहिलं तर तक्रार उरत नाही. त्यामुळे 'तोच तोच खलनायक' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं मान्य करावं की काहींना तोच हवा असतो आणि त्यांचं हवं असणं खोटं नसतं. १९९८ मध्ये आलेल्या केतन मेहता यांच्या 'कॅप्टन व्योम'ने हा पेच बगल देऊन सोडवला. मिलिंद सोमणच्या व्योमला अंतराळातल्या तुरुंगातून पळालेले गुन्हेगार एकेक करून पकडायचे होते. गडी नवा, डाव नवा.

बळीची गोष्ट मात्र याहून खोल आहे. पुराणात तो असुरांचा राजा, वामनाने पाताळात घातलेला. महाराष्ट्रात दिवाळीला ओवाळताना मात्र इडा पिडा टळो आणि बळीचं राज्य येवो, असंच म्हणतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त तर बळीला रयतेचा न्यायी राजा म्हणून उभं केलं आणि वामनाला आक्रमक ठरवलं. गोष्ट तीच, बाजू बदलली. क्लिंगॉनांबद्दलचा सर्वांत गंभीर आक्षेप इथेच येऊन मिळतो. अख्खी जमात जन्मतः दुष्ट कशी असेल? आणि साठच्या दशकात त्या जमातीला काळपट रंग आणि आशियाई वाटतील अशा मिश्या का दिल्या गेल्या? परग्रहाच्या नावाखाली पृथ्वीवरचाच जुना पूर्वग्रह रंगवला गेला, असं म्हणणारे चाहते रसभंग करत नाहीत. ते गोष्ट नीट पाहतात.

नारळीकरांचा मार्ग

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथाकाराला हा मान नाशिकच्या संमेलनात मिळाला. त्यांची कथाकार म्हणून सुरुवात १९७४ ची. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेलं हे नाव. कथेला बक्षीस मिळालं.

नारळीकरांच्या कथाविश्वात परत परत येणारा परग्रही खलनायक नाही. 'प्रेषित' या कादंबरीत दुसऱ्या ग्रहावरून आलेलं मूल माणसांत वाढतं. त्यांच्या गुरूंनी मात्र परग्रही धोका थेट दूरचित्रवाणीवर आणला होता. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासोबत बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' लिहिली. ती १९६१ मध्ये, म्हणजे डालेकांच्या दोन वर्षं आधी दिसली. त्या वेळी नारळीकर केंब्रिजमध्येच होते. हॉइलच्या या मालिकेत परग्रहावरून कुणी येत नाही, येतो तो फक्त रेडिओसंदेश. त्यातल्या सूचनांनुसार माणसं स्वतःच एक संगणक उभा करतात आणि संकट स्वतःच्या हातांनी घरात आणतात.

ही शास्त्रज्ञाची कल्पनाशक्ती. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललेल्या व्हॉयेजर-१ या यानाला तेवढं अंतर कापायला जवळपास ७५ हजार वर्षं लागतील. दर आठवड्याला परतणारा शत्रू हवा तर प्रकाशाहून जलद इंजिन आधी गृहीत धरावं लागतं. संदेशाला मात्र इंजिन लागत नाही. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पसरलेल्या आहेत. आकाशातल्या रेडिओलहरी ऐकणं हेच त्यांचं काम. विज्ञानाच्या हिशेबात परग्रहाशी पहिली गाठ अशाच एखाद्या तबकडीवर पडण्याची शक्यता जास्त.

मग निकाल कुणाच्या बाजूने?

माझं मत डालेकांना. बोर्ग जास्त हुशारीने घडवलेले आहेत, पण त्यांनी नायकाला दोन-तीनदा नवं उत्तर शोधायला लावलं आणि मग ते सवयीचे झाले. डालेकांनी व्यापलेल्या शहराचा प्रश्न विचारला, मग संहाराच्या अधिकाराचा, मग नायकाच्या आतल्या द्वेषाचा. मधल्या पुष्कळ फेऱ्या फुकट गेल्या हेही खरं. पण दर पिढीत कुणीतरी त्यांना पुन्हा धार लावली.

मराठीत असा शत्रू का नाही, याचं उत्तर बहुतेक जण पैशांकडे बोट दाखवून देतात. ते अर्धंच खरं आहे. 'डॉक्टर हू'मधलेच सायबरमेन पाहा. १९६६ मध्ये त्यांना जन्म देणारे किट पेडलर हे वैद्यकीय संशोधक. शरीराचे भाग बदलत बदलत माणूस कुठवर माणूस राहतो, ही त्यांच्याच क्षेत्रातली भीती होती. गेरी डेव्हिस यांच्या मदतीने तिची एक जमात झाली. शत्रू बाहेरून आणलेला नव्हता, लेखकाच्या रोजच्या कामातून वर आला होता. सातपूर-अंबडच्या शॉप फ्लोअरवर वेल्डिंगच्या जागी रोबोचा हात आला, कायम कामगाराच्या जागी कंत्राटी आला, हजेरीपत्रकाच्या जागी बोटाचा ठसा आला. या साऱ्यात किती भीती आहे, हे तिथे तीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारावं. तिला परग्रहाचं रूप देणारा लेखक मिळाला की त्या शत्रूला पाच वेळा परत यायला पाच कारणं आपोआप मिळतील. पैशांचा प्रश्न त्यानंतरचा. डालेक तरी कुठे मोठ्या पैशांत उभे राहिले होते?